मेक्सिकोचे व्याही

अनसिंगच्या दौलतराव पाटलांनी किसनसिंग हेडमास्तरांची छत्री भर बाजारात जाळली आणि मेक्सिको नावाच्या देशाशी त्यांचं वैर सुरू झालं. मेक्सिकोला याची कल्पना नव्हती. दौलतरावांनाही नव्हती.

एकोणीसशे तीस सालचा चैत्र होता. मारुतीच्या पारासमोर विलायती मालाची होळी पेटली होती. दौलतरावांनी आपला लग्नातला कोट तिच्यात टाकला, मुलाची टोपी टाकली, भिंतीवरचा आरसा टाकला. आरसा जळेना. ज्वाळा गुडघ्याच्या वर जाईनात आणि बघायला जमलेली माणसं हळूहळू बाजाराकडे पांगू लागली. दौलतरावांना राग आला. तसा राग यायला त्यांना कारण लागत नसे. सकाळी उठून लोक पागोटं बांधतात तसा ते राग बांधून घराबाहेर पडत. पण कारण मिळालं तर ते वाया जाऊ देत नसत. त्यांची नजर भोवती फिरली. पाराच्या कडेला किसनसिंग मास्तर पुंजाजी माळ्याकडून वांगी निवडून घेत होते, आणि दोन्ही हात वांग्यांत गुंतल्यामुळे त्यांनी छत्री पाराला टेकवून ठेवली होती.

काळीभोर, वेताच्या मुठीची ती छत्री मास्तरांच्या मेहुण्यानं थेट लंडनहून आणली होती. हा मेहुणा, रतनसिंग, मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांवर शिधासामानाची कोठी सांभाळत असे. मास्तर ती छत्री फक्त उन्हात वापरत. पावसात नेत नसत, भिजली असती.

"अहो, अहो! माझी छत्री आहे ती!" मास्तर वांगी टाकून धावले.

"तुमची कायची, मास्तर? इंग्रजाची हाये."

"सात वर्षं माझ्या घरी नांदली ती!"

"मंग आता जाऊ द्या तिले तिच्या घरी," म्हणून दौलतरावांनी छत्री भिरकावली. जळताजळता ती एकदा आपोआप उघडली. तेवढं बघायला पांगलेली माणसं परत आली आणि होळी साजरी झाली.

मास्तर सरकारी नोकर. विलायती छत्रीसाठी चारचौघांत रडले असते तर गाव हसलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "आणि तुमच्या घरात परदेशी काहीच नाही म्हणता?"

"माह्या घरात? ह्या मारुतीसमोर सांगतो. सातासमुद्रापारची एक जरी चीज माह्या उंबऱ्याच्या आत सापडली, त मी सोता तुमच्या डोक्शावर छत्री धरीन अन् भर बाजारातून तुमाले घरापर्यंत पोचवीन!"

"छत्री आणाल कुठून?"

"थे तवाचं तवा पाहू!"

आठवड्याभरात रतनसिंग सुट्टीवर आला. छत्रीची हकीकत ऐकून त्याला वाईट वाटलं आणि दौलतरावांची शपथ ऐकून त्याला हसू आलं. मेहुण्यामेहुण्यांचं बराच वेळ बोलणं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर पाटलांच्या ओसरीवर येऊन बसले तेव्हा त्यांचा चेहरा फार प्रसन्न होता.

आत कस्तुराबाईंनी फोडणी दिली. ठसका ओसरीपर्यंत आला.

"वहिनी, मिरची झणझणीत दिसते," मास्तर डोळे पुसत म्हणाले.

"पुंजाजीच्या मळ्यातली हाये," आतून उत्तर आलं.

"मळा पुंजाजीचा. मिरची मेक्सिकोची."

दौलतराव तंबाखू मळत होते. अंगठा थांबला. "कोनाची?"

"मेक्सिको. तिकडं अमेरिकेत देश आहे. तीन-चारशे वर्षांपूर्वी फिरंग्यांनी जहाजात घालून मिरची आपल्याकडं आणली. त्याआधी या देशात मिरची नव्हती. रतनसिंगचं जहाज तिथल्या बंदरात बिघडून पडलं होतं, त्यानं डोळ्यांनी पाहिलं. तिथला शेतकरी सकाळी मक्याची भाकर भाजतो, दगडी पाट्यावर मिरची वाटतो आणि भाकरीवर घेऊन खातो."

"म्हंजे आपली नक्कल करून राह्यले थे लोक!"

"नक्कल आपण करतो, दौलतराव."

"मास्तर, छत्री गेल्यापासून तुमचं डोक्सं तापलं. ऊन लागलं तुमाले." दौलतराव उठले. "जोशीबुवाले बलावतो. मिरची पोथीत असन त आपली, नसन त बोला."

जोशीबुवा आले. दौलतरावांनी त्यांना बसूही दिलं नाही.

"बुवा, रामायनात मिरची हाये का नाई?"

बुवांनी डोळे मिटले. रामायण बरंच मोठं असल्यामुळे वेळ लागला. "मिरे आहेत," ते अखेर म्हणाले. "मिरची आठवत नाही."

"महाभारतात? भीम त सैपाकी होता."

"होता. पण त्यानं मिरची घातल्याचा उल्लेख नाही."

"म्हंजे भीमानं बिनमिरचीचं खाऊन येवढं युद्ध केलं?" दौलतरावांचा आवाज चढला. भीमाचा राग आला की मिरचीचा, हे कळायला मार्ग नव्हता.

मास्तर शांतपणे पुढं सांगू लागले. शेंगदाणा, बटाटा, रताळं, पेरू, पपई, सगळी मंडळी त्याच बाजूची. जोशीबुवा दचकले.

"शेंगदाणा? आणि रताळंसुद्धा?"

"रताळंसुद्धा."

"मग मी एकादशीला इतकी वर्षं कोणत्या देशाचा फराळ करतो आहे?"

मास्तरांनी दौलतरावांच्या तळहाताकडं बोट केलं. "आणि तंबाखूही."

दुसरा एखादा असता तर त्यानं हसून विषय बदलला असता. दौलतरावांची अडचण अशी होती की ते बोललेलं पाळत. शिवाय मिरचीपायी मास्तरांवर छत्री धरायची, ही कल्पनाच त्यांना सहन होण्यासारखी नव्हती. त्यांनी तंबाखू उंबऱ्याबाहेर झटकली, आत गेले, आणि मिरचीचं गाडगं, शेंगदाण्याचा डबा, टोपलीतली रताळी अशी एकेक वस्तू अंगणात येऊन पडू लागली.

"अवो, काय करून राह्यले तुमी? येड लागलं का?" कस्तुराबाई मागं धावल्या.

"उंबऱ्याच्या आत मेक्सिको नाई पाह्यजे मले!"

"मंग भाजीत काय घालू? माहं कपाळ?"

"मिरे घाल! भीमानं खाल्ले न?"

त्या दिवसापासून पाटलांच्या घरात मिऱ्याची आणि आल्याची भाजी शिजू लागली. मास्तर रोज शाळेत जाताना दारापाशी थांबत, हवा हुंगत आणि पुढं जात. त्यांना शिंक आली नाही म्हणजे शपथ शाबूत आहे असं गाव समजे.

शेतावर पहिला भडका सोमलाचा उडाला. सोमला हा पाटलांचा जुना सालदार. फडक्यात नुसती भाकर आणि आल्याचा तुकडा पाहून तो औत सोडून बांधावर आला.

"मालक, भाकर कायसंग खाऊ?"

"ताकासंग खा."

"ताक पेऊन औताच्या मागं चाललो त झोप येते. बैल घरी येतीन, मी वावरातच राहीन."

"मंग राह्य वावरात! देशासाठी येवढं बी होत नाई तुह्याच्यानं?"

"देशासाठी मी जेलात जाईन मालक. पन तिथं बी ठेचा देत असतीन."

दुसऱ्या दिवशी तो शेजारच्या शेतात औत हाकताना दिसला. घरातल्या बायकांनी वेगळी वाट काढली. जेवणवेळ झाली की कस्तुराबाई, मुलगी रुख्मिणी आणि सून जिजाबाई पदराखाली भाकरी घेऊन शेजारच्या हिरीबाईकडं जात आणि तिच्या ओट्यावर बसून तिच्या पाट्यावरचा ठेचा खात. दौलतरावांनी एकदा पाहिलं आणि ते ओरडले. "हे काय चाललं?"

"घरात नाई न खाऊन राह्यलो?" कस्तुराबाई तोंडातला घास न थांबवता म्हणाल्या.

दौलतरावांना अधिकच राग आला. तंबाखू सुटल्यामुळे त्यांचा राग आता बेलगाम झाला होता. ते बैलावर ओरडत, दाराच्या कडीवर ओरडत, आणि जेवताना भाजीवर ओरडत. भाजीत तिखट नव्हतं. घरात मात्र तेवढंच उरलं होतं.

खरा प्रश्न वैशाखात येऊन उभा राहिला. रुख्मिणीचं लग्न होतं. आणि ते साट्याचं लग्न होतं. म्हणजे जऊळक्याच्या जगदेवरावांनी आदल्या वर्षी आपली मुलगी जिजाबाई दौलतरावांच्या मुलाला दिली होती, आणि त्या बदल्यात दौलतरावांनी रुख्मिणी जगदेवरावांच्या मुलाला द्यायची होती. साट्याच्या लग्नात एका घरचा संसार हलला की दुसऱ्या घरची भांडी वाजतात. कस्तुराबाई म्हणूनच धास्तावल्या होत्या.

"अवो, पाव्हने जऊळक्याचे. तिखट खानारी मानसं. मांडवात तरी मिरची येऊ द्या. मांडव त उंबऱ्याच्या बाहेर हाये."

दौलतरावांना क्षणभर ते पटलं. पण मास्तर ओसरीवर बसलेच होते. "मांडव घालेपर्यंत बाहेर," ते म्हणाले. "मेढ रोवली, पूजा झाली, की मांडव घराचाच भाग. विचारा जोशीबुवांना."

जोशीबुवा एकादशीच्या फराळावरून मास्तरांवर चिडलेले होते. पण मेढीची पूजा त्यांनीच सांगितली असल्यामुळे त्यांना हो म्हणावं लागलं. उंबरा मांडवाच्या शेवटच्या मेढीपर्यंत सरकला.

लग्नाच्या दिवशी सकाळी पुंजाजी माळी कस्तुराबाईंनी आधीच सांगून ठेवल्याप्रमाणे हिरव्या मिरच्यांची मोठी डालकी घेऊन आला. दौलतरावांनी त्याला मेढीपाशीच अडवलं.

"थे मेक्सिको घेऊन आत येऊ नोको."

पुंजाजीनं डालकी खाली आपटली. "पाटील, पहाटपासून मोट हाकून ह्या मिरचीले मी पानी देलं. माह्या बाईनं तोडली. अन् हे मेक्सिको? मंग मी कोन? माही बाई कोन? आमी बी जहाजातून आलो का?"

"तुह्यावर नाई राग माहा. मिरचीवर हाये."

"मिरचीले काय समजते राग? मलेच समजते!" असं म्हणून पुंजाजी निघून गेला. डालकी मेढीच्या बाहेर, बरोबर हातभर अंतरावर, तशीच राहिली.

वऱ्हाड वाशीमपर्यंत आगगाडीनं आणि पुढं बैलगाड्यांनी आलं. लग्न गोरज मुहूर्तावर होतं; त्याआधी दुपारी वऱ्हाडाला जेवण. उन्हातून आलेली, भुकेली माणसं पंगतीला बसली. गावकऱ्यांतून किसनसिंग मास्तर अगदी समोरच्या पानावर होते. वांग्याची भाजी वाढली गेली. जगदेवरावांनी पहिला घास घेतला, थांबले, आणि भाजीकडं वाकून पाहिलं.

"दौलतराव, घरात कोनी बिमार हाये का?"

"नाई."

"मंग हे पथ्याचं कोनासाठी रांधलं?"

"स्वदेशी हाये थे. मिरे घातले."

"मिरे?" जगदेवरावांनी दुसरा घास घेतला, बहुधा पहिल्याची खात्री करण्यासाठी. "मी पोरगं घेऊन आलो, दौलतराव, बाळंतीन घेऊन नाई आलो!"

पंगतीत कोणीतरी हसलं. दौलतरावांच्या कपाळाची शीर उभी राहिली. "मिरची मेक्सिकोची हाये. माही शपथ हाये मारुतीसमोर."

"कोन मेक्सिको? त्याचं-तुमचं भांडन असन त तुमी पाहून घ्या! माह्या वऱ्हाडाले काहून उपाशी मारता?" मग जगदेवरावांच्या डोक्यात दुसरा विचार शिरला, आणि तो पहिल्यापेक्षा वाईट होता. "म्हंजे... माह्या जिजीले बी तुमी हेच खाऊ घालून राह्यले?"

सैपाकघराच्या दारात जिजाबाई उभी होती. तिनं डोळ्याला पदर लावला. त्या घरात डोळ्यांत पाणी यायला मिरचीचं निमित्त उरलं नव्हतं, तेव्हा ते पाणी खरं असणार असं सगळ्यांनी धरलं.

जगदेवराव पानावरून उठले. "जुंपा रे गाड्या! जिजे, चाल माह्यासंग! अशा घरात नाई ठेवत मी लेक!"

"घेऊन जा!" दौलतरावही ओरडले. "अन् माही रुख्मिणी मी देतच नाई! जऊळक्याच्या मानसाले देशापरीस भाजी प्यारी!"

"तुमाले देश प्यारा, मंग पोरगी देशालेच द्या!"

दोघंही इतक्या मोठ्यानं ओरडत होते की वाजंत्रीवाल्यांना नवरदेव निघाला असं वाटून त्यांनी वाजवायला सुरुवात केली. गाडीवान बैल जुंपायला धावले. आत हळद लावून बसलेल्या रुख्मिणीनं एवढंच विचारलं, "माय, काय झालं?" आणि तेवढ्यानं कस्तुराबाईंचा महिनाभर धरलेला बांध फुटला.

त्या पदर खोचून थेट पंगतीच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या. चार गावच्या पाहुण्यांसमोर पाटलीण अशी कधी आली नव्हती. वाजंत्री आपोआप थांबली.

"अवो, मी कुठली?"

"काय?" दौलतराव म्हणाले.

"मी कुठली, थे सांगा ह्या पाव्हन्याईले!"

"आसेगावची."

"ह्या उंबऱ्यातली का?"

"नाई."

"मंग टाका मले बी अंगनात! आसेगावाहून आली मी. तिथं माहं नाव मंजुळा होतं, इथं कस्तुरा केलं. तुमच्या मायनं माप ओलांडवून आत घेतली मले. त्या दिवसापासून कोनी आसेगावची म्हनलं नाई, पाटलाची म्हनलं. मिरची बी तशीच आली. कोनी आनली, कोन्या जहाजातून आनली, मले काय करायचं? आली, ह्या मातीत रुजली, तुमच्या आजीच्या हातून तुमच्या ताटात आली. नांदली न इतक्या पिढ्या? घरच्या सुनेचं माहेर काढून तिले बाहेर घालता? लाज नाई वाटत?"

सुनेचं माहेर काढणं म्हणजे काय हे तिथल्या प्रत्येक माणसाला घरी ऐकून माहीत होतं. दौलतरावांना एक शेवटचा आधार सापडला.

"सून अशी फुकट येत नाई! साटं असते. आपन काय देलं त्याईले बदल्यात? सांग!"

कस्तुराबाईंना ते ठाऊक नव्हतं. त्यांनी मास्तरांकडं पाहिलं. जगदेवरावांनी पाहिलं. सगळ्या पंगतीनं पाहिलं. मास्तरांच्या पानावर मिऱ्याची भाजी निवत होती, आणि मेढीच्या बाहेर, उन्हात, पुंजाजीची डालकी हिरवीगार चमकत होती. मास्तर सकाळपासून जेवलेले नव्हते.

"आंबा," ते म्हणाले.

"काय?"

"आंब्याची कोय. आपल्या बाजूनं जहाजातून गेली. तिकडं रुजली, झाडं झाली. चिंचही आहे म्हणतात तिकडं. रतनसिंगनं खाल्ली."

जगदेवराव परत पानावर बसले. "हे साट्याचंच हाये, दौलतराव," ते म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता. "त्याईची आपल्याकडं, आपली त्याईच्याकडं."

"साट्याचं हाये," दौलतरावांनी सावकाश कबूल केलं. मग ते मेढीबाहेर गेले, डालकी उचलली आणि स्वतःच्या हातानं आत आणली. पाटे मांडले गेले. हिरीबाईनं आपला पाटाही आणला. मिरच्या तव्यावर पडल्या, पहिला ठसका उठला, आणि सारा मांडव खोकू लागला. तेवढा आनंदी खोकला अनसिंगनं पूर्वी ऐकला नव्हता.

"अन् तंबाखू?" दौलतरावांनी हळूच विचारलं.

"थे सून नाई," कस्तुराबाई म्हणाल्या. "थे पाव्हनी हाये. तिनं उंबऱ्याच्या बाहेरच राह्याचं."

मास्तर दोनदा ठेचा घेऊन जेवले. हात धुऊन झाल्यावर ते दौलतरावांपाशी आले. त्यांच्या नाकाला पाणी आलं होतं, पण आवाज वर्गातला होता.

"एक शंका आहे. नांदली की घरची, असं ठरलं ना?"

"ठरलं."

"मग माझी छत्री सात वर्षं नांदत होती. मी तुम्हाला सांगितलं होतं."

दौलतरावांनी मारुतीच्या दिशेला पाहिलं, मग मास्तरांकडं. त्यांची अडचण जुनीच होती, बोललेलं पाळायची. जगदेवरावांकडून त्यांनी नवरदेवावर धरायची जरीच्या झालरीची छत्री मागून घेतली, उघडली आणि मास्तरांच्या डोक्यावर धरली.

दोघं भर बाजारातून निघाले. दुकानदार गाद्यांवरून उठून उभे राहिले. सोमला दोन बैल घेऊन चालला होता, तो थांबला, बैलही थांबले. पुंजाजी भाजी मांडून बसला होता, त्यानं तोंड फिरवलं आणि मग परत वळून नीट पाहून घेतलं. दौलतराव मान ताठ ठेवून चालत होते. हसण्याची कोणाची छाती झाली नाही, याचाच त्यांना राग येत असावा.

मारुतीचा पार आला तेव्हा ते बोलले.

"मास्तर, आपली आंब्याची कोय तिकडं गेली म्हनता."

"हो."

"कशी हाये?"

"म्हणजे?"

"म्हंजे वागवतेत कसं तिले? परका मुलूख. कोनी आपलं मानूस नाई तिथं."

मास्तरांनी आठवून पाहिलं. "रतनसिंग सांगत होता, तिथं बाजारात बाया टोपल्या घेऊन बसतात. आंबा चिरून देतात. वरून मीठ आणि तिखट लावून."

दौलतराव जागीच उभे राहिले. मास्तर दोन पावलं पुढं गेले आणि छत्रीबाहेर उन्हात आले.

"मीठ-तिखट लावून?"

"हो."

"आपल्यासारखंच?"

"अगदी."

"म्हंजे नांदून राह्यली लेक," दौलतराव म्हणाले. आवाज इतका मऊ होता की मास्तरांनी वळून पाहिलं. चैत्रापासून पहिल्यांदा त्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो कोरा चेहरा मास्तरांना कसासाच वाटला.

ते फार वेळ टिकलं नाही. चार पावलं गेल्यावर दौलतरावांच्या कपाळाची शीर पुन्हा उभी राहिली.

"पन मास्तर, इतक्या पिढ्या त्याईची लेक आपल्या घरी हाये. एक डाव कोनी भेटाले आलं? सनावाराले बलावनं नाई, चोळी नाई, बांगडी नाई! जिवंत हाये का मेली, येवढं तरी इचारावं का नाई? हे काय व्याही झाले?"

त्यांनी छत्री मिटली आणि तिचं टोक मावळतीकडं रोखलं. त्या वाटेला आधी वाशीम लागतं, पण त्यांना त्याच्या पुढचं म्हणायचं होतं.

"लेकीच्या बापाची रीत असते का नाई काही?" दौलतराव भर बाजारात ओरडले, आणि हेडमास्तर किसनसिंग उन्हात डोक्यावर हात धरून उभे राहिले.